कुरतडलेलं हाड स्टेम सेलनं भरतं का? रुमॅटॉइडच्या पेशंटांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मला रुमॅटॉइड आर्थरायटिस हा संधिवात, ओपीडीच्या भाषेत 'आरए', होऊन चौदा वर्षं झाली. त्याआधी बावीस वर्षं मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन होते, त्यामुळे रिपोर्ट वाचता येतो आणि त्यामागे काय शिजतं तेही थोडंफार कळतं. खालचे प्रश्न मला परळच्या ओपीडीतल्या बाकड्यावर, दादरच्या पुलावर कठड्याला टेकून दम खाताना आणि आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारले गेले आहेत. मी डॉक्टर नाही. गोळी बदलायची किंवा थांबवायची असेल तर ते तुमच्या रुमॅटॉलॉजिस्टला, म्हणजे संधिवाताच्या डॉक्टरांना, विचारूनच.

माझ्या एक्स-रेवर 'इरोजन' लिहिलंय. म्हणजे हाडांची झीजच ना?

सगळा घोळ इथूनच सुरू होतो. मराठीत आपण सगळ्यालाच झीज म्हणतो. सासूबाईंचे गुडघे वयानं गेले, झीज. कंबरेत मणका दबला, झीज. पस्तिशीतल्या बाईची बोटं सुजून आखडली, तीही झीजच. आणि झीज म्हटलं की डोळ्यांपुढे चपलेचा तळ येतो: घासला, संपला, आता नवा लावा. स्टेम सेल विकणाऱ्याला तुमच्या डोक्यात नेमकं हेच चित्र हवं असतं.

आरएमध्ये हाड कुरतडलं जातं. सांध्याच्या आत एक पातळ अस्तर असतं, त्याला सायनोव्हियम म्हणतात. आपलीच प्रतिकारशक्ती त्याच्यावर उलटते, ते सुजून जाड होतं आणि पॅनस नावाचा मांसल थर होऊन हाडाच्या कडेवर चढतं. एरवीही आपल्या हाडात पाडकाम आणि बांधकाम सतत चालूच असतं. पाडणाऱ्या पेशी ऑस्टिओक्लास्ट, बांधणाऱ्या ऑस्टिओब्लास्ट. सुजलेलं अस्तर टीएनएफ, इंटरल्यूकिन-६ अशी रसायनं सोडतं, रँक-लिगँड नावाचं प्रथिन वाढतं आणि त्याच्या जोरावर पाडणाऱ्यांची फौज तयार होते. त्याच वेळी डीकेके-१ नावाचं दुसरं प्रथिन बांधणाऱ्यांना रोखून धरतं. गिरणगावातल्या माणसाला एका वाक्यात सांगायचं तर पाडकाम तिन्ही पाळ्यांत चालू आणि गवंडी घरी बसवलेले.

याचे परिणाम तीन ठिकाणी दिसतात. सांध्याच्या कडेला खड्डे पडतात, तेच इरोजन. सांध्याजवळचं हाड विरळ होतं. आणि पुढे अख्ख्या अंगातली हाडं ठिसूळ व्हायला लागतात, त्यात स्टिरॉइडची भर. खड्डे बहुतेक वेळा आजाराच्या पहिल्या दोनेक वर्षांतच पडायला लागतात. तर्जनी आणि मधल्या बोटाच्या मुळाशी, मनगटाला, आणि बऱ्याचदा सगळ्यात आधी पायाच्या करंगळीच्या मुळाशी. म्हणून डॉक्टर हातांबरोबर पायांचाही एक्स-रे सांगतात. "दुखतात हात आणि फोटो पायाचा कशाला?" असं म्हणून तो वगळू नका. मी वगळला होता.

एकदा खड्डा पडला की तो भरतच नाही?

थोडा भरू शकतो. आजार औषधांनी पूर्ण काबूत आला तर काही खड्ड्यांच्या कडा पुन्हा कडक होतात, क्वचित खड्डा उथळही होतो. हे मुख्यतः बायोलॉजिक, म्हणजे टीएनएफसारखी रसायनं अडवणाऱ्या, औषधांवरच्या पेशंटांच्या एक्स-रेंमध्ये आणि स्कॅनमध्ये दिसलेलं आहे. पण पूर्वीचा आकार परत येत नाही. आणि सूज चालू असताना तर भरण्याचा प्रश्नच नाही.

बोटं वाकडी झालीत. स्टेम सेलनं सरळ होतील?

नाही. वाकडेपणात हाडाइतकाच स्नायुबंधांचा आणि नसांसारख्या दिसणाऱ्या त्या दोऱ्यांचा, म्हणजे टेंडनचा, हात असतो. ते ताणले, सरकले किंवा तुटले की कुठल्याही पेशी टोचून जागेवर येत नाहीत. त्यासाठी स्प्लिंट, हाताचे व्यायाम आणि वेळ आली तर हँड सर्जन.

स्टेम सेल म्हणजे नक्की काय? टाटामध्ये तर कधीपासून देतात ना?

ज्यांच्यापासून दुसऱ्या प्रकारच्या पेशी तयार होऊ शकतात अशा मूळ पेशी म्हणजे स्टेम सेल. टाटा मेमोरियलमध्ये १९८३ साली भारतातलं पहिलं बोन मॅरो ट्रान्सप्लांट झालं, ते खरं. तेही स्टेम सेलच. पण त्या रक्त बनवणाऱ्या स्टेम सेल, आणि उपचार रक्ताच्या आजारांसाठी. ती पद्धत जगभर मान्य आहे. तुम्हाला क्लिनिकच्या पत्रकातून दाखवल्या जातात त्या वेगळ्या, मेसेन्कायमल स्टेम सेल. त्या अस्थिमज्जेतून, चरबीतून किंवा नाळेतून काढतात. दोन्हींचं आडनाव एकच, म्हणून एकीची अब्रू दुसरीला उसनी मिळते.

रक्ताच्या स्टेम सेलचं ट्रान्सप्लांट फार जहाल आरएसाठीही परदेशात करून पाहिलं गेलं होतं: जबर केमोथेरपी देऊन प्रतिकारशक्ती पुसून टाकायची आणि नव्यानं उभी करायची. अनेकांना आधी आराम पडला आणि मग बहुतेकांचा आजार परतला. पुढे बायोलॉजिक औषधं आली आणि एवढी जोखीम घ्यायचं कारणच उरलं नाही.

मेसेन्कायमल हे नाव अमेरिकी शास्त्रज्ञ अर्नॉल्ड कॅप्लान यांनी १९९१ मध्ये रुजवलं. गंमत अशी की २०१७ मध्ये त्यांनीच लिहिलं, हे नाव बदला, 'स्टेम सेल' शब्दानं लोकांची दिशाभूल होतेय. त्यांचं म्हणणं असं की या पेशी शरीरात जाऊन नवा अवयव बांधत नाहीत; त्या आजूबाजूच्या पेशींना रासायनिक निरोप देतात. ज्यानं बारसं केलं त्यानंच नाव मागे घ्या म्हणावं, हे एकाही पत्रकात मला छापलेलं दिसलं नाही.

पण या पेशींपासून हाड बनतं असं यूट्यूबवर दाखवतात. तेही खोटं का?

खोटं नाही. बशीत बनतं. २००६ मध्ये या पेशींची जी आंतरराष्ट्रीय ओळख ठरली तिच्यात एक अट हीच आहे की योग्य रसायनं दिल्यावर त्यांतून हाडाच्या, चरबीच्या आणि कूर्चेच्या पेशी तयार व्हायला हव्यात. एका प्रशिक्षणात मी स्वतः ती प्लेट पाहिली आहे. अलिझरिन रेड नावाचा रंग घातला की साचलेलं कॅल्शियम कुंकवासारखं लालभडक उठून दिसतं. पाहून मीही हरखले होते.

पण प्लेट म्हणजे सांधा नव्हे. प्लेटमध्ये ना सूज, ना टीएनएफ, ना पॅनस. सलाइनमधून शिरेत सोडलेल्या पेशींपैकी बहुतेक फुप्फुसांच्या बारीक रक्तवाहिन्यांतच अडकतात आणि काही दिवसांत नाहीशा होतात, असं प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलेलं आहे. थेट सांध्यात टोचल्या तरी पोचतात कुठे? जिथे बांधकाम रोखणारी रसायनं आधीच भरलेली आहेत तिथेच. तुमच्या स्वतःच्या गवंड्यांना ज्या जागी काम करता येत नाही, तिथे बाहेरून आणलेले गवंडी काय करणार?

शास्त्रज्ञांना या पेशींमध्ये जो रस आहे तो वेगळ्या गुणामुळे. त्या प्रतिकारशक्तीला शांत करणारे निरोप देतात, नियंत्रक टी-पेशी वाढवतात. म्हणजे आशा आहे ती आग विझवण्याची, आणि त्यामुळे अप्रत्यक्षपणे हाड वाचण्याची. 'नवं हाड उगवणार' या जाहिरातीपेक्षा ही गोष्ट फारच निराळी आहे.

माणसांवर चाचण्या झाल्यात का?

झाल्यात. दोन सांगते, कारण विक्रेते याच दोन्हींची नावं घेतात आणि आत काय आहे ते सांगत नाहीत.

चीनमधल्या गटानं २०१३ मध्ये १७२ पेशंटांचा अभ्यास प्रसिद्ध केला. नेहमीच्या औषधांबरोबर नाळेतल्या पेशी शिरेतून दिल्या. सूज आणि दुखणं कमी झाल्याचं त्यांनी नोंदवलं. पण कोणाला पेशी द्यायच्या आणि कोणाला नाहीत हे चिठ्ठ्या टाकून ठरवलं नव्हतं, आणि औषधं चालूच होती. मग श्रेय कोणाला द्यायचं?

स्पेनमधली चाचणी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. तिची आखणी चांगली होती: अनेक औषधं हरलेले ५३ पेशंट, काहींना दात्यांच्या चरबीतल्या पेशींची तीन सलाइनं, काहींना नुसतं दाखवण्यापुरतं सलाइन, आणि २४ आठवडे लक्ष. मुख्य प्रश्न होता 'हे सुरक्षित आहे का'. बहुतेकांनी ते सोसलं, ताप वगैरे आला. थोड्या लोकांना पहिले काही आठवडे बरं वाटलं, तिसऱ्या महिन्यापर्यंत तो फायदा ओसरत गेला. दाखवण्यापुरतं सलाइन मिळालेले होते जेमतेम सात जण, त्यामुळे या आकड्यांवर उड्या मारण्यात अर्थ नाही.

आणि आपल्या प्रश्नाचं काय? हाडाचा खड्डा भरला का हे तपासणं या चाचणीचं उद्दिष्टच नव्हतं. चोवीस आठवड्यांत ते नीट कळतही नाही. त्यामुळे "परदेशात सिद्ध झालंय" असं कोणी म्हणालं की एकच विचारा: कुठल्या चाचणीत आधीचे आणि नंतरचे एक्स-रे मोजले? मी आजवर तिघांना विचारलंय. दोघांनी विषय बदलला, तिसऱ्यानं चहा मागवला.

भारतात परवानगी आहे का?

आरएसाठी कुठल्याही स्टेम सेल उत्पादनाला नाही.

भारतीय वैद्यक संशोधन परिषद, म्हणजे आयसीएमआर, आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. २००७ च्या आवृत्तीच्या नावात 'संशोधन आणि उपचार' असे दोन शब्द होते. २०१३ मध्ये त्यातला 'उपचार' काढून टाकला. उपचार म्हणायची वेळ अजून आलेली नाही, असा त्याचा सरळ अर्थ. २०१७ ची आवृत्तीही तेच सांगते: मान्य आजारांसाठी रक्ताच्या स्टेम सेलचं ट्रान्सप्लांट सोडलं तर बाकी सगळं फक्त मंजूर चाचणीतच. २०१९ च्या नियमांनुसार स्टेम सेलपासून केलेलं उत्पादन हे 'नवं औषध' धरलं जातं आणि त्याला औषध महानियंत्रकांची मंजुरी लागते.

पण पेपरात वाचलं होतं की सांध्यासाठी स्टेम सेलला मंजुरी मिळाली?

बरोबर वाचलंत. २०२२ मध्ये बेंगळुरूच्या स्टेम्प्यूटिक्सच्या उत्पादनाला मंजुरी मिळाली आणि मुंबईच्या अल्केमनं ते बाजारात आणलं. पण ते गुडघ्याच्या ऑस्टिओआर्थरायटिससाठी आहे, सासूबाईंच्या झिजेसाठी. आरए हा त्याचा आजारच नव्हे. पुन्हा तोच 'झीज' शब्द आडवा येतो. बातमीचं कात्रण खरं असतं, आजार दुसराच असतो.

स्टिरॉइडनं माझा खुबा गेलाय, एव्हीएन म्हणालेत. तिथे तरी काही आहे का?

हा प्रश्न मला मनापासून महत्त्वाचा वाटतो, कारण इथे उत्तर थोडं वेगळं आहे. एव्हीएनमध्ये मांडीच्या हाडाच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटतो आणि तो भाग मरतो. आरएत दीर्घकाळ स्टिरॉइड घेतलेल्यांना याचा धोका असतो. कोविडनंतर मुंबईत अशा पेशंटांची चर्चा झाली, तेव्हा हे नाव घराघरात गेलं.

मुंबईच्या रीग्रो बायोसायन्सेसच्या एका उत्पादनाला २०१७ मध्ये एव्हीएनसाठी मंजुरी मिळाली आहे. त्यात पेशंटचीच अस्थिमज्जा काढतात, लॅबमध्ये तिच्यातून हाड बांधणाऱ्या पेशी वाढवतात आणि नंतर ऑपरेशन करून त्या खुब्यात सोडतात. म्हणजे प्लेटमध्ये जे घडतं ते बाहेरच घडवून आणायचं आणि तयार गवंडी आत पाठवायचे. कारण वेगळं, जागा वेगळी, पद्धत वेगळी. गोळा अजून खचला नसेल तरच अशा उपायांचा विचार होतो; खचला असेल तर खुबा बदलणं हाच मार्ग उरतो. म्हणून आरएच्या पेशंटला जांघेत नवं दुखणं सुरू झालं, पाय आत वळवताना कळ येऊ लागली, तर "आरएचंच असेल" म्हणून बाम चोळत बसू नका. एक्स-रे सुरुवातीला नॉर्मल येऊ शकतो, एमआरआयमध्ये दिसतं. तुमच्या बाबतीत काय करायचं ते ऑर्थोपेडिक सर्जन आणि रुमॅटॉलॉजिस्ट दोघांनी मिळून ठरवावं.

मोफत शिबिरात जाऊन नुसतं ऐकायला काय हरकत आहे?

मीही नुसतं ऐकायलाच गेले होते. उपनगरातल्या एका हॉटेलचं सभागृह, वजन आणि साखर फुकट, इडली-चटणी फुकट. पडद्यावर आधीचे गुडघे, नंतरचे गुडघे. एक आजोबा काठी टाकून चालून दाखवतात, टाळ्या. माझी तेव्हा मनगटं इतकी गेली होती की कुकरचं झाकणसुद्धा मुलाकडून लावून घ्यायचे. पोटाची चरबी काढून त्याच दिवशी दोन्ही मनगटांत टोचणार, पावणेदोन लाख, आज बुकिंग केलं तर सवलत.

मी उठून विचारलं, हे गुडघे ऑस्टिओचे की आरएचे? समोरचा मुलगा गोड हसून म्हणाला, "मॅडम, झीज ती झीज."

लॅबमध्ये आयुष्य काढलेल्या बाईनं तिथून उठायला हवं होतं. मी दहा हजार ॲडव्हान्स भरले. दुखत असतं तेव्हा शिकलेलं कामाला येत नाही, एवढंच त्यातून कळलं. घरी येऊन एफडी मोडायचा फॉर्म काढला तेव्हा नवऱ्यानं पावती पाहिली. पावतीवर उपचाराचं नावच नव्हतं, नुसतं 'वेलनेस पॅकेज'. उरलेले पैसे वाचले. दहा हजार परत आले नाहीत.

पण व्हिडिओतल्या बायका खरंच बऱ्या दिसतात.

दिसत असतील. आरए हा लाटांनी येणारा आजार. माणूस उपाय शोधायला निघतो तो लाट उंच असताना, आणि लाट बऱ्याचदा आपोआपही उतरते. शिवाय सांध्यात स्टिरॉइडचं साधं इंजेक्शन दिलं तरी काही आठवडे माणूस टुणटुणीत होतो. म्हणून टोचलं काय ते लेखी मागा: कुठल्या पेशी, किती, कुठल्या लॅबमधून, सोबत दुसरं काय. व्हिडिओ सहाव्या आठवड्याचा असतो, सहाव्या वर्षाचा मी पाहिलेला नाही.

पीआरपी म्हणजेच स्टेम सेल का?

नाही. तुमच्याच रक्तातला प्लेटलेट्सचा दाट भाग म्हणजे पीआरपी. त्यात स्टेम सेल नसतात. दर स्टेम सेलचा लावला असेल तर तिथूनच परत फिरा.

नातवाची नाळ बँकेत ठेवली आहे. ती माझ्या कामाला येईल का?

आमच्या ग्रुपवरच्या एका आजींनी विचारलं होतं, आणि सूनबाईंनी भरलेले हप्ते फुकट गेले नाहीत असं ऐकायची त्यांची फार इच्छा होती. पण नाळेच्या रक्तात मुख्यतः रक्त बनवणाऱ्या स्टेम सेल असतात, त्यांचा आरएच्या खड्ड्यांशी संबंध नाही. पुढे स्वतःला लागेल म्हणून खासगी बँकेत नाळ ठेवण्याला आयसीएमआरचाही पाठिंबा नाही. आजींना मी हे जरा सौम्य शब्दांत सांगितलं.

स्वतःच्याच पेशी आहेत, मग अपाय कसला?

स्वतःचंच रक्त चुकीच्या जागी गेलं तर काय होतं हे आपल्याला माहीत आहे. अमेरिकेत फ्लोरिडातल्या एका क्लिनिकनं तीन बायकांच्या डोळ्यांत त्यांच्याच चरबीतल्या पेशी टोचल्या आणि तिघींची दृष्टी गेली; हे २०१७ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. २०१८ मध्ये अमेरिकेतच नाळेच्या रक्तापासून केलेल्या इंजेक्शनांतून बारा पेशंटांना जिवाणूंचा संसर्ग झाला, काहींच्या सांध्यांत आणि पाठीत.

आरएवाल्यांसाठी आणखी दोन गोष्टी. आपण आधीच प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्यांवर असतो, त्यामुळे सांध्यात जंतू शिरला तर तो लवकर पसरतो आणि ताप, सूज अशी लक्षणं झाकलीही जातात. दुसरं, जुन्या आरएत मानेचे वरचे दोन मणके सैल झालेले असू शकतात. भूल देताना मान मागे वाकवली तर मज्जारज्जूला धोका. कुठल्याही ऑपरेशनआधी, मज्जा काढण्याआधीसुद्धा, भूलतज्ज्ञाला 'मला आरए आहे, मानेचा फोटो काढायचा का' असं तुम्हीच विचारा.

पण मी सगळ्यात जास्त घाबरते ते यांना नाही. "पेशी रुजेपर्यंत मेथोट्रेक्सेट (आरएची मुख्य गोळी) बंद करा" या सल्ल्याला घाबरते. त्या बंद ठेवलेल्या महिन्यांत हाड कुरतडलं जातं, आणि ते परत मिळत नाही.

खरीखुरी चाचणी चालू असेल तर भाग घेऊ का?

जरूर विचार करा. असे पेशंट मिळाले नाहीत तर उत्तरं कधीच मिळणार नाहीत. फक्त ती खरी आहे का ते बघा. भारतातल्या प्रत्येक क्लिनिकल चाचणीची नोंद सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत करणं १५ जून २००९ पासून सक्तीचं आहे, आणि ती इंटरनेटवर कोणालाही फुकट बघता येते. चाचणीचा क्रमांक मागून घ्या, घरातल्या कॉलेजच्या पोराला बसवा. त्यात आजाराचं नाव आरए आहे का, की ऑस्टिओ, हे आधी वाचा. मग रुग्णालयाचं नाव: तुम्ही जिथे जाताय तेच आहे ना? एथिक्स कमिटीची मंजुरी आहे का? संमतिपत्र मराठीत मागायचा तुम्हाला हक्क आहे, आणि ते घरी नेऊन वाचायचाही. चाचणीमुळे इजा झाली तर उपचार आणि भरपाईची तरतूद २०१९ च्या नियमांत आहे. संमतिपत्रात ती लिहिलेली असायला हवी.

आणि पैसे. चाचणीतल्या पेशींसाठी पेशंटकडून पैसे घ्यायचे नसतात. पैसे मागितले तर तो धंदा आहे, मग भिंतीवर कितीही सर्टिफिकेटं लटकवलेली असोत.

मेडिक्लेममध्ये बसेल का?

विमा नियामकांनी २०१९ मध्ये आधुनिक उपचारांची जी यादी दिली तिच्यात स्टेम सेल आहे, पण फक्त रक्ताच्या आजारांसाठीच्या बोन मॅरो ट्रान्सप्लांटपुरतं. "आम्ही बिल बसवून देतो" असं क्लिनिकवाला म्हणाला तर तो बिलावर काहीतरी भलतंच लिहिणार आहे, आणि खोटा क्लेम तुमच्या नावावर जाणार आहे.

मग हाड वाचवायला आज हातात आहे काय?

बरंच काही. दुर्दैवानं त्यात हॉटेल आणि टाळ्या नाहीत.

मेथोट्रेक्सेट हा अजूनही पाया. गोळी आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी. रोज घेतली तर ती जिवावर बेतते, म्हणून वार पाकिटावर मोठ्या अक्षरांत लिहा. शेजारच्या काकूंनी रविवार धरला, तर मुलगा घरी असतो म्हणून. चांगली युक्ती आहे. सोबत फोलिक ॲसिड, आणि रक्त, यकृत यांच्या तपासण्या वेळच्या वेळी. मूल हवं असेल तर गोळी चालू असताना गरोदर राहायचं नाही, आधीच डॉक्टरांशी बोला. "ही कॅन्सरची गोळी आहे" असं केमिस्टकडे कोणीतरी हमखास म्हणतं. कॅन्सरमध्ये तिचा डोस कितीतरी मोठा असतो.

तिनं आणि तिच्या जोडीच्या गोळ्यांनी भागलं नाही तर बायोलॉजिक इंजेक्शनं किंवा टोफासिटिनिबसारख्या गोळ्या. ही औषधं टीएनएफ, इंटरल्यूकिन-६ अशा कुरतडणाऱ्यांच्या रसदीवरच घाला घालतात आणि खड्डे वाढायचे थांबतात किंवा मंदावतात, हे एक्स-रे मोजून सिद्ध झालेलं आहे. स्टेम सेलबाबत जो पुरावा नाही तो इथे आहे. भारतात यांच्या बायोसिमिलर आणि जेनेरिक आवृत्त्या मिळतात, त्यामुळे खर्च पूर्वीसारखा अशक्य राहिलेला नाही, पण तो खिशाला लागतोच. आधी छातीचा एक्स-रे आणि टीबीची चाचणी होते. मुंबईत लोकलच्या डब्यात आयुष्य काढलेल्यांपैकी अनेकांच्या अंगात टीबी निद्रिस्त असतो आणि ही औषधं त्याला जागं करू शकतात. तशी चाचणी आली तर आधी टीबीची औषधं सुरू करतात, किमान महिनाभरानं बायोलॉजिक. तो महिना चिडचिड होते, पण तो गाळू नका.

हाड कुरतडण्यावरच थेट काम करणारं एक औषधही आहे, डेनोसुमॅब. ते रँक-लिगँडला पकडतं. जपाननं २०१७ मध्ये त्याला आरएच्या खड्ड्यांसाठी मान्यता दिली. आपल्याकडे ते प्रामुख्यानं हाडांच्या ठिसूळपणासाठी वापरतात. त्यानं सांध्याची सूज जात नाही, म्हणून मूळ औषधांना पर्याय नाही. आणि मनानं बंद करू नका: पुढचं इंजेक्शन चुकलं तर हाडांची घनता झपाट्यानं घसरून मणके मोडू शकतात.

स्टिरॉइडवर असाल तर हाडांची घनता मोजणारा डेक्सा स्कॅन, व्हिटॅमिन डी आणि कॅल्शियमचं विचारा. सिगारेट सोडा, धूम्रपानानं आरए होण्याचाही धोका वाढतो आणि तो जास्त जहालही होतो. सांधा पार गेला असेल तर गुडघा, खुबा बदलणं ही हार मानणं नव्हे. आमच्या ग्रुपवरच्या एक ताई दोन्ही गुडघे बदलून घेऊन गणपतीत लालबागच्या रांगेत उभ्या राहिल्या. मी त्यांना ओरडले, ते वेगळं.

खर्चाचं गणित जमत नसेल तर पालिकेची मोठी रुग्णालयं आहेतच. केईएममध्ये रुमॅटॉलॉजीचा स्वतंत्र विभाग आहे. गर्दी असते, सकाळी लवकर निघा, डबा न्या.

वैद्यांची पुडी घेते, तिनं तर चार दिवसांत उतार पडतो.

चार दिवसांत उतार पडतो म्हणूनच काळजी वाटते. बिनलेबलच्या पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेलं सापडल्याच्या घटना घडलेल्या आहेत. पदवीधर वैद्यांकडून नाव-घटक छापलेलं औषध घेत असाल तर तेही रुमॅटॉलॉजिस्टला दाखवा, लपवू नका. पुडी अचानक थांबवायचीही नाही. आत स्टिरॉइड असेल तर एकदम बंद केल्यानं चक्कर येऊन माणूस कोसळू शकतो.

मुलगा दुबईहून पैसे पाठवतोय, "आई, करून घे" म्हणतो. त्याला काय सांगू?

त्याचं मन मोडू नका. त्याला म्हणावं, पाठव, पण बायोलॉजिकच्या वर्षभराच्या इंजेक्शनांसाठी पाठव. नाहीतर न्हाणीघरात धरायला दांडे, कमोड, उंच खुर्ची आणि हलक्या हातानं फिरणारे नळ बसवायला पाठव. नळाचं मी गमतीनं म्हणत नाही. माझ्या मनगटांना त्या लांब दांडीच्या नळानं जेवढं सुख दिलं तेवढं फार थोड्या गोष्टींनी दिलं.

डॉक्टरांकडे स्टेम सेलचा विषय काढायचा म्हटलं तर ते चिडतील का?

चिडले तर चिडू देत, काढा. जाताना पत्रक सोबत न्या, नुसतं "कुणीतरी म्हणालं" असं सांगू नका. अँटी-सीसीपी, आरए फॅक्टर, सीआरपी या रक्ततपासण्यांचे रिपोर्ट तारखेप्रमाणे लावा, चालू गोळ्या कागदावर लिहून ठेवा, वैद्यांची आणि केमिस्टकडची धरून. आणि हातापायांचे जुने एक्स-रे फेकू नका. खड्डा वाढला की थांबला हे नव्या फोटोवरून नाही कळत, जुन्याशेजारी नवा ठेवल्यावर कळतं. मुंबईच्या पावसाळ्यात फिल्मा एकमेकींना चिकटतात, तेव्हा मध्ये एकेक कोरा कागद घाला आणि पिशवी कपाटात वरच्या फळीवर, आडवी ठेवा.